अनुस्वाराची नवी जागा

श्रावणात संपादकांचा फोन आला. यंदाच्या अंकाचा विषय ‘हात’. कुंभाराचे, सुईणीचे, तबलजीचे हात आधीच वाटून झाले होते. ‘तुम्हाला सुचेल ते घ्या, पण घरबसल्या लिहू नका, जाऊन बघा,’ एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला. त्याच आठवड्यात माझ्या लॅपटॉपवर चहा सांडला आणि विषय आपण होऊन घरी आला.

चहा अर्धा कपच होता, पण साखरेचा. लॅपटॉप उलटा करून पंख्याखाली वाळवला, तिसऱ्या दिवशी भीत भीत चालू केला, तर सगळं ठीक. फक्त खालच्या ओळीतली एक्सची कळ मेली होती. इंग्रजी लिहिणाऱ्याचं एक्सवाचून फारसं अडत नाही. मी इनस्क्रिप्ट नावाच्या कळांच्या आराखड्यात मराठी लिहिते, आणि इनस्क्रिप्टमध्ये एक्सच्या जागी अनुस्वार असतो.

अनुस्वाराशिवाय मराठी लिहून बघा. ‘झालं’चं ‘झाल’ होतं. गावात दहा ‘घरं’ असतात, त्यांचं एकच ‘घर’ उरतं. ‘त्यांनी’ लिहायला जावं तर ‘त्यानी’ उमटतं, म्हणजे थोरामोठ्यांशी एकदम अरेतुरे. एक दिवस मी जुन्या मजकुरातून अनुस्वार उचलून एकेका अक्षरावर चिकटवत बसले. संध्याकाळी भाचा आला. दोन मिनिटं माझी रखडती चाल बघून म्हणाला, “आत्या, तू कॅप्स लॉक कधी वापरतेस?”

आठवून पाहिलं. चुकून दाबला जातो तेव्हाच.

“मग अनुस्वार तिथे ठेवू या ना.”

त्याने एक छोटं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं, दोन खिडक्या भरल्या, आणि माझी डावी करंगळी कॅप्स लॉकवर पडली की अनुस्वार उमटायला लागला. मी त्याला दडपे पोहे करून घातले. दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉप उघडला तर तो पासवर्ड मागत होता, आणि माझ्या पासवर्डात एक्स आहे. ते सॉफ्टवेअर आपण आत गेल्यावर जागं होणारं. दाराची किल्ली घरातच राहिल्यासारखं झालं. भाच्याला फोन लावला. “कोपऱ्यातल्या चिन्हावर क्लिक कर, पडद्यावर कीबोर्ड येईल, त्यातला एक्स माउसने दाब,” असं त्याने झोपेतच सांगितलं, आणि संध्याकाळी परत येऊन सगळं आणखी एक मजला खाली नेऊन पक्कं केलं.

हा ‘खालचा मजला’ काय असतो, तिथून लेख सुरू झाला.

कळीचा नंबर

कळ दाबली की संगणकाला अक्षर जातं, अशी माझी इतक्या वर्षांची समजूत होती. प्रत्यक्षात जातो तो नंबर. कळांच्या खाली उभ्या-आडव्या वाटांची एक जाळी असते. कीबोर्डमधली चिप त्या जाळीवरून सेकंदाला शेकडो वेळा नजर फिरवत राहते. कळ दाबली की एक उभी वाट एका आडवीला टेकते आणि चिपला जागा कळते. माझ्या बाबतीत साखर नेमकी त्या एका टेकायच्या जागी जाऊन बसली होती.

विंडोजच्या हिशेबात एक्सच्या कळीचा नंबर ४५ आणि कॅप्स लॉकचा ५८. बोट उचललं की तेही कळवलं जातं, त्याच नंबरात १२८ मिळवून. म्हणजे ४५ आला की कळ खाली गेली, १७३ आला की वर आली. ही पद्धत जुन्या पीसीच्या काळापासूनची. यूएसबी कीबोर्ड आपसांत वेगळे नंबर बोलतात, पण विंडोज ते याच जुन्या वहीत उतरवून घेतं. कळेवर छापलेल्या अक्षराची या व्यवहारात कुणालाच खबर नसते. ते अक्षर तुमच्या-माझ्या डोळ्यांसाठी.

पुढे हा नंबर आराखड्याच्या तक्त्याकडे जातो. भाषा इंग्रजी असेल तर तक्ता ४५चा एक्स करतो, मराठी असेल तर अनुस्वार. त्यामुळे कळेचं काम बदलायचं तर कुठे हात घालायचा हे आधी ठरवावं लागतं. काही कीबोर्डांच्या पोटातल्या चिपमध्येच नवे नंबर भरता येतात. आपण आत शिरल्यावर पहाऱ्याला उभं राहणारं सॉफ्टवेअर वापरता येतं. मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइजमध्ये ती सोय आहे, ऑटोहॉटकी नावाच्या फुकट साधनात तर अख्खी वाक्यं एका कळेवर बांधता येतात. अक्षरांचा तक्ताच नवा लिहिता येतो. आणि कीबोर्डची चिप सोडली तर या सगळ्यांच्या अलीकडे, नंबर आत येतो त्या उंबऱ्यावरच, त्याची अदलाबदल करता येते. भाच्याने दुसऱ्या दिवशी केलं ते हे. विंडोजच्या रजिस्ट्रीत ‘स्कॅनकोड मॅप’ नावाची एक ओळ लिहायची. वीस बाइटांची, त्यातले बरेचसे शून्यच. मधल्या चार बाइटांत एवढाच निरोप: ५८ आला तर ४५ समज. मग मशीन एकदा बंद करून चालू करायचं.

उंबऱ्यावरच बदल झाल्यामुळे पासवर्डाच्या पाटीलाही तो लागू पडला. इंग्रजीत गेलं की तिथे एक्स, मराठीत आलं की अनुस्वार, आणि कंट्रोल धरून दाबलं की मजकूर कापला जातो. कॅप्स लॉकचा दिवा त्यानंतर एकदाही लागला नाही.

“काना कुठे आहे ते विचारू नका”

पुण्यात अप्पा बळवंत चौकातून आत वळल्यावर एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली डीटीपीचा गाळा आहे. तिथे बसणारे काका चाळीसेक वर्षं मराठी टाइप करताहेत. नाव छापू नका म्हणाले, म्हणून काका. त्यांच्या कीबोर्डवर आता अक्षरं उरलेली नाहीत. एफ आणि जे या दोन कळांवरचे चाचपायचे उंचवटे तेवढे शिल्लक, तेही गुळगुळीत. दोन कळा तर आरशासारख्या चमकतात.

“यातली कान्याची कोणती?” मी विचारलं.

“ताई, काना कुठे आहे ते मला विचारू नका. सांगायला गेलो की हात अडकतो.” मग त्यांनी हवेतच ‘महाराष्ट्र’ टाइप करून पाहिलं, बोट कुठे जातं ते बघितलं, आणि कळ दाखवली.

काका बार्शीच्या टायपिंग क्लासमध्ये मराठी तीसचा वेग काढून आले. सरकारी लिपिक-टंकलेखकाला आजही मराठीचा मिनिटाला तीस शब्दांचा दाखला लागतो. तो महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद परीक्षा घेऊन देते, आता संगणकावर. काका शिकले ते खडखडणाऱ्या यंत्रावर. गोदरेजने १९५५ साली भारतीय बनावटीचा टाइपरायटर काढला, आणि पुढे कचेऱ्यांतून मराठी यंत्रं दिसू लागली. त्या यंत्राची अडचण जागेची होती. देवनागरीची जोडाक्षरं धरली तर शेकडो आकार, आणि यंत्रावर जागा नव्वदच्या आसपास. म्हणून अक्षरांचे तुकडे पाडले. अर्धा ण आणि काना मिळून ण, अर्धा श आणि काना मिळून श. अनुस्वार, मात्रा, रफार यांच्या कळा ‘डेड’. म्हणजे ठसा उमटतो पण गाडी पुढे सरकत नाही, पुढचं अक्षर त्याच्याखाली येऊन बसतं. आणि कागदावर डावीकडे दिसते म्हणून ऱ्हस्व वेलांटी आधी मारायची, अक्षर नंतर. ‘किती’ म्हणजे आधी वेलांटी, मग क, मग त, मग दीर्घ वेलांटी.

डीटीपी आलं तेव्हा यंत्र गेलं, बोटांची ओळख राहिली. पुण्यामुंबईत तयार झालेल्या मराठी सॉफ्टवेअरांत आराखडा निवडायची सोय होती: टाइपरायटर, फोनेटिक, इनस्क्रिप्ट. काकांनी आजवर चार सॉफ्टवेअरं बदलली आणि चारही वेळा टाइपरायटरवर खूण केली. त्या काळचे फॉन्ट म्हणजे एक युक्तीच होती. इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठीचे तुकडे आणून बसवलेले. वेलांटी आधी दाबा की नंतर, फॉन्टला फरक पडत नव्हता, तो फक्त चित्राशेजारी चित्र मांडत होता. तीच फाइल फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडली की इंग्रजी अक्षरांचा चिवडा.

खरी पंचाईत युनिकोडने केली. युनिकोडमध्ये मजकूर उच्चाराच्या क्रमाने साठतो; आधी क, मग वेलांटी. प्रकाशक ई-बुकसाठी युनिकोड मागू लागले, तेव्हा काकांच्या मुलाने कुठूनसा एक साधा आराखडा आणून बसवला, जुन्या जागा तशाच ठेवून. काकांनी सवयीने ‘किती’ मारलं. पडद्यावर आधी ठिपक्यांचं एक वर्तुळ आलं, त्याला लोंबणारी वेलांटी, आणि मग पोरका क.

“मला वाटलं माझेच डोळे गेले,” काका म्हणाले.

साध्या तक्त्याला एवढंच येतं की एक नंबर आला, एक अक्षर द्या. आधी आलेली वेलांटी हातात धरून थांबायचं आणि मागून क आला की त्याच्यानंतर ठेवायची, हे त्याच्या आवाक्याबाहेरचं. त्याला वाट बघणारा प्रोग्रॅम लागतो. तो मिळाला, आणि काका आज बार्शीच्या बोटांनी युनिकोड लिहितात. मी समोर बसले असताना त्यांनी एका लग्नपत्रिकेचा मजकूर डोळे हस्तलिखितावर ठेवून उतरवला. त्यात चारच चुका होत्या, आणि चारही मूळ हस्तलिखितातल्या.

पाय मोडायची कळ

इनस्क्रिप्टचा रस्ता उलटा आहे. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६मध्ये तो ठरवला, दोन वर्षांनी सुधारला, आणि १९९१च्या भारतीय मानक १३१९४मध्ये तो छापला गेला. टाइपरायटरने अक्षराचं रूप पाहिलं होतं, याने वर्णमाला पाहिली. स्वर आणि त्यांची चिन्हं डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. क आणि ख एकाच कळीवर, शिफ्ट धरलं की प्राण मोठा होतो. तसंच ग-घ, त-थ, प-फ. मधल्या ओळीत डाव्या मधल्या बोटाखाली पाय मोडायची कळ. जोडाक्षरं वेगळी शिकायची नाहीत. क्यातल्या कचा पाय मोडा, पुढे य मारा, दोघं आपोआप चिकटतात. मी ते दहा-बारा दिवसांत शिकले. काकांना ते ‘दुसऱ्याच्या चपला’ वाटतात.

सगळ्या भारतीय लिप्यांना तोच आराखडा ही त्यातली मोठी गंमत. आमची कन्नड शेजारीण एकदा माझ्या लॅपटॉपवर बसली, भाषा कन्नड केली, आणि कळांकडे न बघता आईला पत्र लिहून उठली. क तिचाही तिथेच होता, पाय मोडायची जागाही तीच. बाजारातल्या बहुतेक लॅपटॉपांवर मात्र ही अक्षरं छापलेली नसतात. पारदर्शक स्टिकरांचं पान आणून एकेक डकवायचं, दोन पावसाळ्यांत त्यांचे कोपरे सुटतात. पण तोवर बोटं शिकलेली असतात.

दर्या आणि दऱ्या

तरी सर्व भारतासाठी शिवलेला सदरा मराठीला काही ठिकाणी काचतोच. ठाण्याच्या एका अनुवादक बाईंनी तो स्वतः उसवून पुन्हा शिवला, असं कळलं म्हणून त्यांना भेटायला गेले.

त्यांची पहिली तक्रार ऱ्यची. मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. ‘आचार्यांना’ पुरस्कार देतात, ‘आचाऱ्यांना’ बिदागी. हा चंद्रकोरीसारखा अर्धा र मराठीला उठताबसता लागतो: सुऱ्या, वाऱ्यावर, कुऱ्हाड, तऱ्हा, कऱ्हाड. इनस्क्रिप्टमध्ये तो काढायला शिफ्ट धरून खालच्या टिंबाचा र, मग पाय मोडायचा, मग य. रफाराला मात्र वरच्या ओळीत एका कळीचा आडमार्ग दिलेला. “हिंदीला जे लागतं ते एका दाबात, आपल्याला लागतं ते तीन दाबांत,” बाई म्हणाल्या. त्यांचं शिफ्ट धरायचं बोट दुखायला लागलं तेव्हा ही मोजणी सुरू झाली.

दुसरी तक्रार ॲची. जुन्या इनस्क्रिप्टमध्ये एकच्या आकड्यावर शिफ्ट धरलं की ए वर चंद्र काढलेलं अक्षर येतं. तो हिंदीचा रिवाज. मराठी माणूस अ वर चंद्र काढतो, म्हणून आपण अ मारतो आणि त्यावर वेगळा चंद्र ठेवतो. दिसायला बरोबर. पण युनिकोडने २००८मध्ये मराठीच्या ॲला स्वतःचं घर दिलं, आणि २००९च्या शासन निर्णयाने वर्णमालेत ॲ-ऑ बसवले. आता दोन ॲ झाले: एक अखंड, एक जोडलेला. डोळ्याला एकच, संगणकाला दोन. एकाने लिहिलेला ‘ॲडमिशन’ दुसऱ्याने शोधला तर सापडतही नाही.

बाईंनी मायक्रोसॉफ्टचं आराखडे बनवायचं जुनं, फुकट साधन उतरवलं. त्यात विंडोजचा मराठी तक्ता उघडता येतो. पडद्यावर कीबोर्डचं चित्र येतं, कळेवर क्लिक करायचं, हवं ते अक्षर घालायचं. एका कळीवर एकाहून जास्त अक्षरंही चालतात. शिफ्ट आणि एकवर त्यांनी अखंड ॲ ठेवला. ऱ्साठी जागा शोधताना त्यांची नजर व च्या कळीकडे गेली. शिफ्ट धरलं तर तिथे ऴ. तमिळ आणि मल्याळममधला तो खास उच्चार लिहायला हे अक्षर. “मला ‘तमिऴ’ असं लिहायची वेळ वर्षातून एकदा येते, ‘वाऱ्यावर’ दिवसातून दहा वेळा,” म्हणत त्यांनी त्या पाहुण्याला बाजूला सरकवलं आणि तिथे पाय मोडलेला ऱ बसवला. मग साधन सगळं तपासतं, कुरकुर करतं, आणि बसवायची फाइल बनवून देतं. प्रकल्पाला आठ अक्षरांच्या आतलं नाव लागतं. बाईंनी आईचं नाव दिलं. त्यांच्या भाषांच्या यादीत मराठीखाली आता ‘सुमन’ दिसते.

ही सुमन पेनड्राइव्हवर घेऊन त्या हिंडतात. अडतं ते दुसऱ्याच्या मशीनवर. मागे एका कचेरीत त्यांना महिनाभर बसून काम करायचं होतं. तिथल्या संगणकावर काहीही बसवायला परवानगी लागायची, आणि परवानगी देणारे रजेवर. “चार दिवस मी एखाद्या नवशिक्यासारखी कळा बघत होते. वय साठ, अनुवाद चाळीस पुस्तकांचे, आणि ऱ सापडेना.”

मला तिथून निघताना सुमनची एक प्रत मिळाली.

करंगळीत कळ

सरकारी मराठीत कीबोर्डला ‘कळफलक’ म्हणतात. बोलताना तो शब्द मी कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही, पण बाणेरला राहणाऱ्या एका प्रोग्रॅमरची तक्रार ऐकून वाटलं, नाव देणाऱ्याला दूरदृष्टी होती. त्याच्या डाव्या करंगळीत खरोखरच कळ येते. दिवसभर कंट्रोल दाबायचा, आणि तो पार खालच्या कोपऱ्यात.

१९८१च्या आयबीएम पीसीच्या कीबोर्डवर कंट्रोल ए च्या शेजारी, करंगळी सहज लोळेल अशा जागी होता. कॅप्स लॉक खाली उजवीकडे. १९८५च्या सुमाराला आयबीएमचा एकशे एक कळांचा थोरला कीबोर्ड आला आणि जागा बदलल्या. जगाने तो आराखडा उचलला. टाइपरायटरवर शिफ्ट कळ अडकवून ठेवायला खटका असे, कॅप्स लॉक त्याच घराण्यातला. कचेऱ्यांच्या हाताला ओळखीचं वाटावं हे समजू शकतं. पण प्रोग्रॅमर मंडळी ती अदलाबदल अजून विसरलेली नाहीत. लिनक्सवर एका ओळीच्या आज्ञेत कॅप्स लॉकचा कंट्रोल होतो, मॅकवर सेटिंग्जमध्येच तशी सोय दिलेली आहे. या तरुणाच्या कीबोर्डची चिपच क्यूएमके नावाच्या मुक्त प्रणालीवर चालते. त्यात कॅप्स लॉकला टिचकी मारली तर एस्केप, धरून ठेवला तर कंट्रोल. किती मिलिसेकंदांना ‘धरला’ म्हणायचं हेही त्याने आपल्या बोटाला बघून ठरवलंय. हे मला जरा जास्तच वाटलं. पण पोळी लाटतानाचा बोटांचा दाब मी कुठे शिकले ते त्याने विचारलं, तेव्हा गप्प बसले.

त्याच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षक राहतात. पक्षाघाताने त्यांचा उजवा हात गेला. शिफ्ट धरून दुसरी कळ मारणं एका हाताला जमत नाही, म्हणून ‘स्टिकी कीज’ लावलंय: शिफ्टला टिचकी मारून सोडायचं, ते पुढच्या अक्षराची वाट बघत थांबतं. पुसायची कळ उजव्या कोपऱ्यात, डाव्या हाताला लांब. मुलीने कॅप्स लॉकवरच बॅकस्पेस आणून दिला. सर आत्मचरित्र लिहिताहेत, आणि पुसायची कळ हाताशी आल्यापासून ते छोटं होत चाललंय, असं मुलगी म्हणाली.

जिन्याखालून फोन

गणपतीत लॅपटॉपचा कीबोर्ड बदलून घेतला. एक्स परत आला. उंबऱ्यावरची ती वीस बाइटांची ओळ काढून टाकावी असं मनात होतं, पण डावी करंगळी आता अनुस्वारासाठी कॅप्स लॉककडेच जाते, आणि अनामिकेला तिची जुनी जागा आठवत राहते. दोन्ही राहू दिलं. हा लेख अर्धा सुमन यायच्या आधी आणि अर्धा तिच्यावर लिहिला, आणि योगायोगाने अंकाची जुळणी काकांकडेच गेली.

नवरात्रात त्यांचा फोन आला.

“ताई, तुमच्या लेखात ॲ दोन जातीचे आलेत. शोधायला टाकलं तर काहीच मिळतात, बाकीचे डोळ्यांनी वेचले. सगळे अखंड करून टाकलेत.”

मी आभार मानले.

“आणि तीन ठिकाणी अनुस्वारावर अनुस्वार पडलाय. ठिपक्यांचं वर्तुळ दिसतंय मधेच.” क्षणभर थांबून म्हणाले, “कीबोर्ड नवीन बसवलात का?”